बालिष्टर काकी आणि दुपारचा भोंगा

बालिष्टर काकी इस्पितळात कधी बसली नाही. बाकं रिकामी असली तरी नाही. एक खांदा भिंतीला टेकलेला, लुगड्याचा कासोटा करकचून मारलेला, आणि नजर डॉक्टरीणबाईंच्या खोलीवरच्या हिरव्या पडद्यावर. कोणी म्हणालं, काकी, जागा आहे, टेका जरा, तर ती म्हणायची, "बाकड्यार बसलेल्या माणसाक कोण इचारता?" हे ती शेजारच्या बाईला सांगायची, पण ऐकू जायचं थेट औषधाच्या खिडकीपर्यंत. तिला हळू बोलता येतच नव्हतं. उभी हयात गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात गेलेली. तिथल्या खडखडाटात शेजारणीला घरची खुशाली विचारायची तरी ओरडावं लागे. घरी आली तरी घसा गिरणीतच राहायचा. या आवाजाने तिने चाळीतल्या कितीतरी बायकांना बोलतं केलं, आणि तिचं स्वतःचं दुखणं मात्र या आवाजापाशीच येऊन अडलं. तेच सांगायचं आहे.

मी मूळची गिरगावातली. मॅट्रिक झालेली, तोंडातल्या तोंडात बोलणारी, आणि लग्न होऊन लालबागच्या चाळीत येऊन पडलेली. 'हे' गिरणीच्या कचेरीत कारकून, घरात सासूबाई, आणि बाकी सगळा मजला मालवणकडच्या गिरणीकामगारांचा. त्यांची बोली कळायला मला वेळ लागला. काकीची मात्र पहिल्याच दिवशी कळली, कारण ती न ऐकण्याची सोयच नव्हती. काकी विधवा होती. थोरला गावी, धाकटा माझगावच्या गोदीत कामाला, तो आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा. तिचं खरं नाव चाळीत दोघा-तिघांना ठाऊक असेल तर असेल.

बालिष्टर, म्हणजे बॅरिस्टर, हे नाव कौतुकाने पडलं की चेष्टेने, देव जाणे. आमच्या चाळीतली बाई इस्पितळात जायची ती कोणाच्या तरी मागून. पुढे नवरा, नाहीतर सासू. डॉक्टर विचारणार, काय होतंय? सासू सांगणार, काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे. जिचं दुखणं ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मग घरून नेलेल्या बाटलीत लाल औषध भरून घ्यायचं, बाटलीवरच्या कागदी पट्टीच्या खुणेने घोट घ्यायचे, आणि दुखणं जिथल्या तिथे. काकीला हे बघवत नसे. सुट्टीच्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या पाळीला असली की सकाळी, ती कोणा ना कोणाबरोबर इस्पितळात हजर असायची. गंमत अशी की ती त्यांच्या वतीने बोलायची मात्र नाही. फक्त मागून ढोसायची. "दुखणां तुजां, मगे तोंड दुसऱ्याचां कित्याक?"

या वाक्यामागे तिचा नवरा होता. त्याला छातीचा आजार झाला तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने त्याला इस्पितळात नेलं, आणि सगळं बोलला तो भाऊच. जरा खोकला आहे म्हणाला. खोकल्यातून रक्त पडतं हे नवऱ्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण थोरला भाऊ बोलत असताना आपण मध्ये कसं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला. काकी तेव्हा धाकट्याच्या वेळची गरोदर, बाहेर बाकावर बसलेली. तिला कोणी काही विचारलंच नाही. पुढे तो गेला. हे सांगताना काकी रडायची नाही, चिडायची. इतकी वर्षं झाली तरी चिडायची, आणि दिरावर नाही, त्या बाकावर बसून राहिलेल्या स्वतःवर.

तिची एक रीत होती. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तालीम. आमच्या गॅलरीचं एक टोक गिरणीच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेलं होतं. पाळी चालू असली की तिथे मागांचा असा धडधडाट यायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. बाकीचे त्या टोकाला शिव्या घालायचे, काकीने तिथेच आपलं कोर्ट मांडलं होतं. स्वतः डॉक्टरीण व्हायची. कमरेवर हात ठेवून विचारायची, काय होता? मग त्या बाईने कुठे दुखतं, कधीपासून, किती, सगळं धडाधड सांगायचं. पुटपुटली की पुन्हा पहिल्यापासून. इथे कोणाच्या बापाला ऐकू जात नाही, तेव्हा लाजायचं ते इथे लाजून घे, असं तिचं म्हणणं.

माझीही तालीम तिथेच झाली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या अंगावरून पांढरं जायला लागलं. आज या वयात हे लिहिताना हात अडखळतो, तेव्हा तर मेले असते पण बोलले नसते. गिरगावात आमच्या घरी असल्या गोष्टींना शब्दच नव्हते. सासूबाई मला इस्पितळात घेऊन गेल्या आणि अशक्तपणा म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हो. त्यांच्या सासूनेही त्यांच्याबद्दल हेच सांगितलं असणार. मी लाल औषध प्याले आणि जळजळ सोसत राहिले. माझं सारखं मोरीत जाणं काकीच्या नजरेतून सुटलं नाही. एका दुपारी तिने मला दंडाला धरून गॅलरीच्या टोकाला नेलं.

पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मग म्हटलं, पोटात दुखतं. काकी म्हणाली, "खोटां. परत." शेवटी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं, आणि सांगून झाल्यावर इतकी रडले की पदर भिजला. काकीने मला रडू दिलं. मग म्हणाली, "लाज वाटतली ती वाटतली. सांगूक व्हया." लाजू नकोस, असं मात्र ती म्हणाली नाही. मला नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यापाशी पोचल्यावर तिने सासूबाईंना विचारलं, बाटली धुऊन आणलीत ना, नाहीतर औषधवाला परत पाठवतो. सासूबाई लगबगीने नळावर गेल्या, आणि तेवढ्यात काकीने मला पडद्याआड लोटलं. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. डॉक्टरीणबाई दादरहून यायच्या, नेहमी घाईत, पांढऱ्या डगल्याखाली साधंसं पातळ. त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं, तपासलं, निराळी औषधं दिली आणि इतके दिवस काय करत होतीस म्हणून झापलं. मी बरी झाले. सासूबाईंना वाटलं लाल औषधाचा गुण आला. म्हटलं, वाटू दे.

चळवळीचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राचीच, यावर आमच्या चाळीत दोन मतं नव्हती. भांडणं व्हायची ती मोर्चात पुढे कोण चालणार यावर. बायकांच्या रांगेत घोषणा द्यायला काकीच लागायची. तिने 'झालाच पाहिजे' म्हटलं की शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, कर्ण्याची गरजच नव्हती. एका मोर्चात मी तिच्या शेजारी होते. चौकात पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि सगळे वाट फुटेल तिकडे पळत सुटले. काकी पळाली नाही. एका दुकानाच्या बंद फळ्यांना हात टेकून उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मी तिला ओढायला लागले तर तिने हात सोडवून घेतला. आजूबाजूला किंकाळ्या, शिट्ट्या, आणि घोषणा अजून चालूच. त्या गोंधळात ती मला नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माका धावूक जमाचा नाय. माजां अंग भायर येता गो. धाकटो झालो तेवापासून."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं, आणि मागच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागत गेला. धाकट्याच्या वेळी ओली बाळंतीण असतानाच ती खात्यावर जाऊन उभी राहिली होती. गर्भाशय खाली उतरलं ते उतरलंच. इतकी वर्षं ती आत फडक्याची घडी बांधून, वरून कासोटा आवळून पाळ्या भरत होती. बसलं की ते दाबलं जाऊन कळ यायची, म्हणून ती बसत नव्हती. बाकड्यावरच्या माणसाचं ते ऐटबाज वाक्य खरंही होतं आणि त्याच्या आड हेही होतं. आम्ही दोघी पाय ओढत निघालो. पोलिसांनी एक वाकून चालणारी बाई आणि तिला धरलेली एक पोर बघितली आणि वाट दिली.

चाळीत बातमी पोचली ती अशी की सगळे पळाले, बालिष्टर काकी एकटी धुरात पाय रोवून उभी राहिली. पोरांनी तिच्या दारात घोषणा दिल्या. कोणीतरी नारळ घेऊन आलं. काकीने दार लोटून घेतलं होतं, आणि आत मी तिच्याजवळ होते. बाहेर तिचा जयजयकार चाललेला आणि आत ती भिंतीकडे तोंड करून उभी. इतकं शरमलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. बाहेरून तिच्या नावाने आवाज उठला की तिचे खांदे आणखी खाली जायचे.

मी म्हटलं, काकी, उद्या इस्पितळात जाऊ या. तिने मान हलवली, नाही म्हणून. प्रकरण तर हाताबाहेर चाललं होतं. घासून घासून तिथे जखम झाली होती, फडक्याला रक्त लागायचं, मधूनच अंगात ताप भरायचा. पाळीभर उभं राहणं होत नव्हतं. आज ना उद्या ती चक्कर येऊन यंत्रावर पडली असती, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळली असती. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अडचण निराळीच होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. पडद्याबाहेर अर्धं लालबाग बसलेलं, त्यात आमच्याच चाळीतले, त्यांच्याबरोबर त्यांचे नवरे. "माका हळू बोलूक येत नाय," काकी म्हणाली. हे ती कुजबुजायचा अगदी जिवापाड प्रयत्न करून म्हणाली, आणि शेजारच्या खोलीतून कोणीतरी विचारलं, काय झालं, काकी?

तुमच्यासाठी मी सांगते, असं म्हणून बघितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं बोलणं गिळलं. जन्मभर जे वाक्य सगळ्यांना ऐकवलं ते स्वतःच कसं मोडायचं? गळ्याची शपथ घालून तिने माझं तोंड बंद केलं. पण त्यानंतर पुढच्याच आठवड्यात, ताप उतरल्यावर, आपण होऊन माझ्या दारात आली आणि चल म्हणाली.

त्या दिवशी इस्पितळात नेहमीसारखीच गर्दी. आमचा नंबर आला. दोघी पडद्याआड गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय होतंय? काकीने तोंड उघडलं. बाहेर नेमकं कोणीच बोलत नव्हतं, एक तान्हं रडत होतं तेही तेवढ्यात दूध मिळून गप्प झालं. तिने माझा हात धरून मला पुढे केलं आणि म्हणाली, हिच्या पोटात दुखतं. मी काय बोलणार? शपथ होती. मला आडवं करून डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि काही झालेलं नाही म्हणून वर लाल औषध दिलं. घरी आल्यावर ती बाटली मी मोरीत ओतली. काकी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. तिने त्या दिवशी कोणाशी एक अक्षर काढलं नाही, आणि चाळ इतकी शांत झाली की सासूबाईंनी मला विचारलं, बालिष्टरीण गावी गेली की काय?

युक्ती तिलाच सुचली. इस्पितळाच्या मागेच गिरणीची चिमणी होती. दुपारी बाराला तिथला भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ आजूबाजूच्या गिरण्यांचे. तेवढा वेळ लालबाग-परळात कोणी कोणाशी बोलत नसे, बोलून उपयोगच नसे. "भोंगो झालो की सांगतंय," काकी म्हणाली, "कानाक तोंड लावून." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आम्ही गॅलरीच्या टोकाला तिची तालीम घेतली. या वेळी डॉक्टरीण मी. कमरेवर हात ठेवून मी विचारलं, काय होता? आणि तिने माझ्या कानाला तोंड लावून सगळं सांगितलं, कुठे, कधीपासून, किती, एकदाही न अडखळता.

जायचा दिवस ठरवला तो हरताळाचा. गिरण्या बंद, म्हणजे खाडा नाही. रस्त्यावर माणूस नाही, म्हणजे इस्पितळातही गर्दी कमी. डॉक्टरीणबाई अशा दिवशी आदल्या संध्याकाळीच येऊन इस्पितळात मुक्काम करायच्या, हे काकीने आधीच काढून ठेवलं होतं. सगळं अगदी बेतशीर. आम्ही वेळ साधून निघालो, नंबर बाराच्या सुमाराला येईल असा. पडद्याआड गेलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एकमेकांवर चढत होते. बाकावर चाळीतल्या दोघी जणी होत्या, एक म्हातारा होता, एक जोडपं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला बाई. काकीने एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि कान खिडकीकडे लावला. डॉक्टरीणबाई थांबल्या. मीही कान लावून उभी. काटे एकमेकांवर आले आणि पुढे सरकले. भोंगा झाला नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि काकीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिच्याही त्याच वेळी पडला. हरताळाच्या दिवशी दुपारचा भोंगा वाजवायचा कोणासाठी? सकाळचा झाला होता, कारण मालकांना फाटक उघडं आहे असं दाखवायचं होतं. एकही माणूस आत गेला नाही. मग कसली सुट्टी नि कसला भोंगा? एकही गिरणी चालता कामा नये, असं फाटकाफाटकावर ओरडून सांगणाऱ्यांत काकी सगळ्यांत पुढे होती. तरी तिच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही. आम्ही भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसं. तो होणारच नाही असा दिवस असू शकतो हे कसं सुचावं?

लालबागात इतकी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. माग बंद, रस्ता बंद. औषधाच्या खिडकीत कोणीतरी बाटलीचं बूच काढलं तेही कानात घुमलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाई, बाहेर माणसं बसलीयत. काकीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा माझा हात धरून मला पुढे करणार, आणि खरं सांगते, मी तयारही होते. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, नजर जमिनीला लावली आणि बोलली. "डाक्टरीणबाय, माजां अंग भायर येता. जखम झाली आसा. धाकटो झालो तेवापासून कोणाक सांगूक नाय."

वाइंडिंग खात्याचा आवाज तो. सगळ्या इस्पितळाने ऐकलं. पडद्याबाहेर कोणी हललं नाही, कोणी हसलं नाही, साधं खोकलंही नाही. कोणी खोकलं असतं तर बरं वाटलं असतं. काकीची मान इतकी खाली गेली होती की मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी हातातला टाक खाली ठेवला. उठल्या, स्वतः तिला धरून टेबलापाशी नेलं, आणि तपासता तपासता हळू आवाजात काहीबाही विचारत राहिल्या. काकी नुसती मान हलवत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या दाखल व्हायचं. आणखी थांबलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघायला सुरुवात केली. काकीने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. डोक्यावर पदर घेतलेली काकी मी पहिल्यांदा बघत होते. रिकाम्या रस्त्याने आम्ही चालत निघालो. माझे कान तापलेले, जसं काही ते मीच बोलले होते. गणपतीच्या देवळापाशी ती थांबली. "आता चाळीत खयच्या तोंडान जाव?" म्हणाली. बोलून टाकल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटत नव्हतं. ती शरमेने मेल्याहून मेली झाली होती, आणि तिच्या बाजूला मीही.

चाळीत बातमी आमच्याआधी पोचली होती. पुरुषमंडळी तिला बघून खोल्यांत शिरली. घोषणा देणारी पोरं जिन्यात गप्प उभी राहिली. संध्याकाळी ती इस्पितळात न्यायचं गाठोडं बांधत होती आणि मी तिला घड्या घालून देत होते, तेव्हा दारात सासूबाई आल्या. मला वाटलं, मला न्यायला आल्या. आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार, कोणाच्या नादाला लागतेस म्हणून. त्या आत आल्या, दार लोटलं, आणि उभ्याच राहिल्या. बसायला पाट दिला तर नको म्हणाल्या. आणि तेव्हा मला आठवलं की सासूबाईही कधी पाटावर नीट बसत नाहीत, कड धरून टेकतात. मला वाटायचं, सोवळ्याची सवय असेल.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," त्या काकीला म्हणाल्या. "मलाही दाखवायचं आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बाहेर जा." मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. माग बंद होते. काकीचा आवाज दाराबाहेर सगळा ऐकू येत होता. "खय? कधीपासून? किती?" आणि मग नुसतंच, "परत." सासूबाईंचा आवाज मात्र मला ऐकू आला नाही, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

काकीचं ऑपरेशन झालं. सासूबाईंना तेवढी गरज पडली नाही, आधाराला आत एक कडं बसवून आणि औषधावर भागलं. घरात त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही, फक्त त्यानंतर मला इस्पितळात जायचं झालं की त्या म्हणायच्या, तूच सांग तुझं. काकी बरी होऊन चाळीत आली तेव्हा पहिले काही दिवस खाली बघून चालायची. लोकही तिला बालिष्टर म्हणायला कचरायचे. मग एकदा मी एका नव्या सुनेला घेऊन इस्पितळात गेले तर काकी तिथे आधीच हजर, कोणातरी दुसरीबरोबर. बाकावर बसली होती. चांगली मांडी घालून, पिशवी शेजारी ठेवून. मी बघत राहिले तर तिला लाज वाटली आणि ती एकदम तोंड फिरवून सुनेला म्हणाली, "सांगतलंस नाय तर बघ."

महाराष्ट्र झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकी गिरणी सोडून गावी गेली. मी तिला पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेले होते. ती बोटीच्या कठड्याला धरून उभी होती आणि मला काहीतरी ओरडून सांगत होती, हात हलवून हलवून. नेमका त्याच वेळी बोटीचा भोंगा झाला. तिचा आवाज बुडवणारा भोंगा मी तो एकच ऐकला. तो थांबेपर्यंत बोट सुटलेली. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. मग तिची खबर आली ती ती गेल्याचीच.

परवा मुलगा मला दादरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मला खोकलं की, शिंकलं की, थेंब सुटतात. पातळं धुवायला टाकत नाही, आपली आपण भिजवते. मुलाने खुर्ची पुढे ओढली आणि डॉक्टरांना सांगितलं, आईला जरा अशक्तपणा आहे. डॉक्टर तरुण, माझ्या नातवाच्या वयाचा. खोलीला चांगलं जाड दार होतं. मी मुलाला म्हटलं, तू बाहेर बस. तो बाहेर गेल्यावरही तोंडातून शब्द निघेना, आणि माझा कान आपोआप खिडकीकडे गेला. गिरण्या जाऊन किती काळ लोटला, तरी गेला. काही वाजलं नाही. मग मी सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं असणार, कारण टॅक्सीत मुलगा पूर्ण वाटभर खिडकीबाहेर बघत होता. मलाही त्याच्याकडे बघवेना. लाज वाटली, खूप वाटली. पण सांगून झालं होतं.